संगणकाच्या प्रारंभकालीन चिप : अर्धवाहक तंत्रांची स्पर्धा आणि ऑक्साइडचा थर

संगणकाच्या चिपचा इतिहास बहुधा वाढत्या संख्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली एका चिपवर इतके ट्रँझिस्टर होते, पुढे ते दुप्पट झाले, मग चौपट झाले, अशी ती मांडणी असते. ती चुकीची नाही. परंतु तीमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. १९६० ते १९८० ह्या वीस वर्षांत चिप तयार करण्याचे एकच एक तंत्र नव्हते. परस्परांशी स्पर्धा करणारी निदान सहा-सात तंत्रे होती, आणि त्यांपैकी जे अखेरीस सर्वत्र रूढ झाले ते आरंभी सर्वांत मंद तंत्रांत गणले जात होते. पूरक मॉस अथवा सीमॉस ह्या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे त्याचा उपयोग मुख्यतः मनगटी घड्याळे, खिशातील गणकयंत्रे आणि अंतराळयाने अशा, विजेची काटकसर अत्यावश्यक असलेल्या ठिकाणी होत राहिला. वेगवान संगणकांच्या रचनेत त्याला स्थान नव्हते.

मंद तंत्राने वेगवान तंत्रांना मागे कसे टाकले, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. सुट्या ट्रँझिस्टरच्या गुणदोषांची तुलना करून त्याचे उत्तर मिळत नाही. ते सिलिकॉनच्या पृष्ठभागावर वाढणाऱ्या ऑक्साइडच्या थरात, तो थर निर्दोष ठेवण्याच्या खटपटीत आणि चिपमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या हिशेबात शोधावे लागते.

१. ‘अर्धवाहक’ ह्या संज्ञेविषयी

‘अर्धवाहक’ हा शब्द ऐकताच तांब्याच्या निम्म्याने वीज वाहून नेणारा पदार्थ असा बोध होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. शुद्ध सिलिकॉन सामान्य तपमानाला विजेचा फारच दुर्बळ वाहक असतो. त्याचे वैशिष्ट्य वाहकता मध्यम असण्यात नसून ती हवी तशी बदलता येण्यात आहे. एक कोटी सिलिकॉन-अणूंमागे फॉस्फरसचा केवळ एक अणू मिसळला, तरी त्याची वाहकता लाखपटीहून अधिक वाढते. फॉस्फरसच्या अणूपाशी एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो. तो स्फटिकात मोकळेपणाने हिंडतो आणि वीज वाहतो. अशा सिलिकॉनला एन-प्रकारचे सिलिकॉन म्हणतात. फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळल्यास उलट घडते. एका इलेक्ट्रॉनाची उणीव निर्माण होते, आणि ही रिकामी जागा, म्हणजेच पोकळी, अणूकडून अणूकडे सरकत धन विद्युत्‌भाराप्रमाणे वागते. हे पी-प्रकारचे सिलिकॉन होय.

पुढील सर्व तंत्रे ह्या दोन प्रकारच्या क्षेत्रांच्या रचनेतून निर्माण होतात. मात्र एक भेद आरंभीच लक्षात ठेवला पाहिजे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन जितक्या सहजतेने चालतात तितक्या सहजतेने पोकळ्या चालत नाहीत. त्यांची चलनक्षमता इलेक्ट्रॉनांच्या सुमारे एकतृतीयांश असते. अर्थात इलेक्ट्रॉनांवर चालणारा घटक पोकळ्यांवर चालणाऱ्या तशाच घटकापेक्षा वेगवान असणार, हे उघड आहे. तरीही पहिले मायक्रोप्रोसेसर पोकळ्यांवर चालणारे होते. ह्या विसंगतीचे कारण पुढे येईल.

२. जर्मेनियमकडून सिलिकॉनकडे

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रँझिस्टर सिद्ध केला, तो जर्मेनियमचा होता. त्या काळी जर्मेनियमच सोयीचे होते. ते ९३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर सिलिकॉनला १,४१४ अंश लागतात. त्यामुळे जर्मेनियम शुद्ध करणे व त्याचे एकसंध स्फटिक वाढवणे सोपे होते. पुढील दहा-बारा वर्षे जर्मेनियमचे राज्य राहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक ह्या संगणकातही सुमारे २,७०० निर्वात नलिकांच्या जोडीला सुमारे १,७०० जर्मेनियम डायोड होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीत सप्टेंबर १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल बसवून दाखवले, तो तुकडाही जर्मेनियमचाच होता.

तथापि जर्मेनियममध्ये दोन उणिवा होत्या. पहिली उष्णतेची. जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन बंधनातून सुटण्यास सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा पुरते, तर सिलिकॉनला सुमारे १.१२ लागते. त्यामुळे तपमान थोडे वाढताच जर्मेनियमच्या ट्रँझिस्टरमधून नको असलेला प्रवाह गळू लागतो. दुसरी उणीव प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्यासारखी होती, पण निर्णायक तीच ठरली. जर्मेनियमच्या पृष्ठभागावर तयार होणारे ऑक्साइड पाण्यात विरघळते व पृष्ठभागाचे रक्षण करू शकत नाही. सिलिकॉनचे ऑक्साइड म्हणजे काचेच्या जातीचा पदार्थ. ऑक्सिजनच्या किंवा वाफेच्या प्रवाहात सिलिकॉन सुमारे हजार अंशांपर्यंत तापवले की ते आपोआप वाढते, घट्ट चिकटून बसते, पाण्याला दाद देत नाही आणि उत्तम निरोधक असते.

३. ऑक्साइड राखून ठेवण्याची युक्ती

ह्या ऑक्साइडचा पहिला उपयोग बेल प्रयोगशाळेतच लक्षात आला. १९५५ च्या सुमारास कार्ल फ्रॉश व लिंकन डेरिक यांना असे आढळले, की ऑक्साइडचा थर असेल तेथे फॉस्फरस व बोरॉन यांसारखी अपद्रव्ये सिलिकॉनमध्ये शिरत नाहीत. जेथे तो कोरून काढला असेल तेवढ्याच खिडकीतून ती आत पसरतात. रांगोळीच्या छापाप्रमाणे ऑक्साइडचा उपयोग करून हव्या त्या ठिकाणी हवे ते क्षेत्र निर्माण करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

परंतु काम झाल्यावर हा थर धुऊन टाकण्याची प्रथा होती. त्यात अपद्रव्ये मुरलेली असतात, सबब तो मलिन आहे, अशी समजूत होती. परिणाम असा होई, की पी व एन क्षेत्रांच्या सीमारेषा उघड्या पडत. फेअरचाइल्ड ह्या कंपनीचे ट्रँझिस्टर सुरुवातीला ह्याच प्रकारचे होते. ट्रँझिस्टरच्या धातूच्या टोपणावर पेन्सिलीने ठोकले असता आतील सूक्ष्म कण निखळून सीमारेषेवर पडे आणि ट्रँझिस्टर निकामी होई. त्याच कंपनीतील स्वित्झर्लंडचे भौतिकीविद झाँ हर्नी यांनी ह्यावर जो उपाय काढला तो अत्यंत साधा होता : ऑक्साइड काढूनच टाकू नये. थर जागेवर राहिला म्हणजे सर्व सीमारेषा त्याच्या आवरणाखाली जन्म घेतात व तेथेच सुरक्षित राहतात. १९५९ साली ही सपाट पद्धती प्रत्यक्षात आली. त्याच वर्षी त्यांचे सहकारी रॉबर्ट नॉइस यांनी पुढचे पाऊल टाकले. ऑक्साइड जर निरोधक आहे, तर त्याच्यावरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नेऊन खालील ट्रँझिस्टर परस्परांना जोडता येतील, हे त्यांनी ओळखले. किल्बी यांच्या तुकड्यावर जोडण्या सोन्याच्या बारीक तारांनी, हाताने केलेल्या होत्या. नॉइस यांच्या रचनेत त्या छापल्या जाऊ लागल्या. एका चकतीवर शेकडो मंडले एकाच वेळी तयार करण्याचे आजचे शास्त्र येथून सुरू होते.

येणेप्रमाणे सिलिकॉनची निवड ही वस्तुतः त्याच्या ऑक्साइडची निवड होती. इलेक्ट्रॉनांची चलनक्षमता जर्मेनियममध्ये सिलिकॉनपेक्षा दुपटीहून अधिक असते. ट्रँझिस्टरच्या वेगावर निर्णय झाला असता तर जर्मेनियम हटले नसते.

४. द्विध्रुवी तंत्राच्या शाखा

पहिल्या पिढीतील सर्व चिप द्विध्रुवी ट्रँझिस्टरच्या होत्या. ह्या ट्रँझिस्टरमध्ये तीन थर असतात. मधल्या पातळ थरात सोडलेला लहानसा प्रवाह बाहेरच्या दोन थरांमधील मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण करतो. वाहनाच्या कार्यात इलेक्ट्रॉन व पोकळ्या ह्या दोहोंचा भाग असल्यामुळे त्यास द्विध्रुवी म्हणतात.

अशा ट्रँझिस्टरपासून तर्कमंडले रचण्याच्या अनेक रीती निघाल्या, आणि प्रत्येकीचे नाव तिच्यातील घटकांवरून पडले. आरटीएल ह्या रीतीत निर्णयाचे काम रोधक व ट्रँझिस्टर मिळून करीत. अपोलो यानातील मार्गदर्शक संगणक ह्याच रीतीचा होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २,८०० चिप होत्या व त्या जवळजवळ सर्व एकाच नमुन्याच्या. प्रत्येकीत तीन-तीन प्रवेश असलेली दोन तर्कमंडले. त्यानंतर रोधकांची जागा डायोडांनी घेतली, ती डीटीएल. आणि डायोडांचीही जागा ट्रँझिस्टरनेच घेतली, ती टीटीएल. ह्या शेवटच्या रीतीची कल्पना जेम्स ब्यूई यांनी १९६१ मध्ये मांडली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ पासून जी मालिका बाजारात आणली, तिची ७४०० ह्या अंकाने सुरू होणारी शाखा पुढील दोन दशके सर्व लहान-मध्यम संगणकांचा आधार होती.

वेगाच्या बाबतीत ह्या सर्वांच्या पुढे ईसीएल ही रीत होती. इतर रीतींत ट्रँझिस्टर पूर्ण उघडा अथवा पूर्ण बंद असतो. पूर्ण उघडताना त्यात विद्युत्‌भार साठतो व तो निचरून जाण्यास वेळ लागतो. ईसीएलमध्ये ट्रँझिस्टरला त्या अवस्थेपर्यंत जाऊच दिले जात नाही. ठरावीक प्रवाह एका वाटेवरून दुसरीवर वळवला जातो, इतकेच. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका तर्कमंडलाचा विलंब सुमारे एक नॅनोसेकंदापर्यंत उतरला. ह्याची किंमत अशी, की प्रवाह कधीच थांबत नाही. १९७६ मध्ये लॉस अलामोस येथे बसवलेला क्रे-१ हा महासंगणक ईसीएलवर आधारलेला होता. तो सेकंदाला ८ कोटी स्पंदनांच्या गतीने चाले, सुमारे ११५ किलोवॉट वीज घेई आणि त्याला थंड ठेवण्यासाठी फ्रिऑनचे अभिसरण करावे लागे.

द्विध्रुवी तंत्राची मर्यादा एका साध्या गुणाकाराने समजते. सामान्य टीटीएल तर्कमंडलाचा विलंब सुमारे १० नॅनोसेकंद व वीजखर्च सुमारे १० मिलिवॉट होता. अशी दोन हजार तर्कमंडले एकाच चिपवर बसवली तर २० वॉट उष्णता नखाएवढ्या तुकड्यात निर्माण होईल. शिवाय प्रत्येक द्विध्रुवी ट्रँझिस्टरभोवती त्याला शेजाऱ्यापासून अलग ठेवणारे कुंपण घालावे लागे आणि त्यात बरीच जागा जाई. एकटा ट्रँझिस्टर वेगवान, परंतु पुष्कळ ट्रँझिस्टर एकत्र नांदवणे कठीण, अशी ही अवस्था होती.

५. मॉस : सोपे तत्त्व, अवघड व्यवहार

दुसरा मार्ग क्षेत्र-परिणामाचा होता. धातूचा पत्रा, त्याखाली निरोधकाचा पातळ थर आणि त्याखाली अर्धवाहक अशी रचना करून पत्र्याला विद्युत् दाब दिला, तर अर्धवाहकाच्या पृष्ठभागालगत विद्युत्‌भार ओढला जातो व वाहक मार्ग तयार होतो. ही कल्पना ज्यूलियस लिलियनफेल्ड यांनी १९२५ सालीच एकस्वासाठी नोंदवली होती. ती साकार होण्यास पस्तीस वर्षे लागली, कारण अर्धवाहकाचा उघडा पृष्ठभाग येणारे क्षेत्र स्वतःवरच अडवून धरतो, आतपर्यंत पोहोचू देत नाही. बेल प्रयोगशाळेतील मोहम्मद अटाला यांनी सिलिकॉनवर काळजीपूर्वक ऑक्साइड वाढवल्यास हा दोष मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो असे दाखवले, आणि १९६० मध्ये त्यांनी व दाओन कांग यांनी मॉस ट्रँझिस्टर जाहीर केला. ‘धातू-ऑक्साइड-अर्धवाहक’ ह्या तीन थरांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे म्हणजे ‘मॉस’. ज्या टोकातून विद्युत्‌भार निघतो ते उद्गम, जेथे पोहोचतो ते निर्गम, आणि वरचा पत्रा म्हणजे द्वार.

ह्या ट्रँझिस्टरला कुंपणाची गरज नव्हती, त्याला जागा थोडी लागे व तो तयार करण्याच्या पायऱ्याही कमी होत्या. १९६४ मध्ये जनरल मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने १२० मॉस ट्रँझिस्टर असलेली चिप विक्रीस आणली. असे असूनही मॉसचा लौकिक त्या काळी चांगला नव्हता. सकाळी ठीक असलेली चिप तापली, काही तास विजेखाली राहिली, की तिचे गुणधर्म सरकत. द्वाराला जितका दाब दिला असता ती उघडावयास हवी तितक्यात ती उघडत नसे.

ह्याचे कारण फेअरचाइल्डमधील एडवर्ड स्नो, अँड्रू ग्रोव्ह, ब्रूस डील व सी. टी. सा यांनी १९६५ मध्ये स्पष्ट केले. ऑक्साइडमध्ये सोडियमचे आयन शिरलेले असत. सोडियम सर्वत्र असतो : हाताच्या घामात, भट्टीच्या नळीत, रसायनांत. त्याचे धन आयन ऑक्साइडमधून दाबाच्या व उष्णतेच्या प्रभावाने इकडेतिकडे सरकतात आणि द्वाराच्या आज्ञेत ढवळाढवळ करतात. मिठातील एका घटकाचा लेशमात्र अंश एका उद्योगाला वेठीस धरून होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या भागात उल्लेखिलेल्या विसंगतीचे उत्तर येथे मिळते. ऑक्साइडमध्ये अडकलेला भार धन असल्यामुळे तो खालील सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागाकडे ओढतो. एन-मॉस ट्रँझिस्टरमध्ये वाहक मार्ग इलेक्ट्रॉनांचाच बनतो. म्हणून द्वाराला काहीही दाब नसताना तो आपोआप उघडा राहू शकतो. बंद न होणारे दार असून नसून सारखेच. पी-मॉसमध्ये मार्ग पोकळ्यांचा असतो. तेथे हाच धन भार दार अधिक घट्ट लावतो. उघडण्यास दाब जास्त लागतो, पण बंद असताना ते खात्रीने बंद राहते. पोकळ्या मंद असूनही पहिली दहा वर्षे पी-मॉस तंत्र टिकले ते ह्यामुळे. त्याची निवड त्याच्या गुणामुळे झाली नाही; मलिन ऑक्साइडवरही ते निभावून जात होते, एवढीच त्याची पात्रता.

ऑक्साइड स्वच्छ करण्याचे प्रयत्न मग सर्व बाजूंनी सुरू झाले. भट्ट्या व रसायने सोडियममुक्त करण्यात आली. फॉस्फरस मिसळलेल्या काचेचा थर सोडियमला धरून ठेवतो असे आढळले. स्फटिक एका विशिष्ट प्रतलात कापल्यास सीमेवरील स्थिर भारही कमी होतो हे कळून आले.

६. सिलिकॉनचे द्वार आणि पहिला मायक्रोप्रोसेसर

आणखी एक अडचण खुद्द धातूच्या द्वाराची होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. उद्गम व निर्गम ही क्षेत्रे घडवण्यास त्याहून कितीतरी अधिक तपमान लागते. म्हणून ती क्षेत्रे आधी करून द्वार नंतर त्यांवर बसवावे लागे. अचूक बसेलच याची खात्री नसल्याने ते दोन्ही बाजूंना थोडे रुंद ठेवीत. हा अनावश्यक भाग उद्गम-निर्गमांशी मिळून विद्युत्‌भार साठवी व चिप मंद करी.

द्वार सिलिकॉनचेच केले तर ही अडचण सुटते. बहुस्फटिकी सिलिकॉन भट्टीची उष्णता सहन करतो. तेव्हा द्वार आधी घडवावे आणि मग अपद्रव्ये सोडावीत. द्वाराच्या सावलीत ती जाणार नाहीत, त्याच्या दोन्ही कडांना बरोबर लागून उद्गम व निर्गम तयार होतील. द्वार स्वतःच छापाचे काम करते. ऑक्साइडचा नाजुक थर वाढताक्षणीच द्वाराखाली झाकला जातो, आणि त्यानंतरही उच्च तपमानावर सोडियम शोषून घेण्याची प्रक्रिया करता येते, हे आणखी दोन लाभ. बेल प्रयोगशाळेत ह्या दिशेने प्रयत्न झाले होते. उत्पादनास योग्य अशी पद्धत फेडेरिको फाजिन यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्डमध्ये सिद्ध केली.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंटेल कंपनीने हे तंत्र उचलले. १९७० मध्ये १,०२४ द्विमान अंकांची स्मृती असलेली ११०३ ही चिप आली. १९७१ च्या नोव्हेंबरात ४००४ हा मायक्रोप्रोसेसर विक्रीस आला. तो बिझिकॉम ह्या जपानी कंपनीच्या गणकयंत्राच्या निमित्ताने टेड हॉफ, स्टॅन्ली मेझर, मासातोशी शिमा व फाजिन यांच्या प्रयत्नांतून निर्माण झाला होता. पी-मॉस सिलिकॉन-द्वार तंत्राने केलेल्या ह्या चिपवर २,३०० ट्रँझिस्टर होते व तिच्यातील लहानात लहान रेषा १० मायक्रॉनची होती.

ह्या चिप वेगवान नव्हत्या. ह्याचे बोलके उदाहरण टेक्सासमधील कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनच्या डेटापॉइंट २२०० ह्या यंत्राचे आहे. त्याची आज्ञावली अमलात आणणारी एकच चिप इंटेलने करावी असे ठरले होते. परंतु कंपनीने अखेर ती न वापरता शंभराच्या आसपास टीटीएल चिप जोडून आपला प्रोसेसर बांधला. यंत्राच्या पुढच्या आवृत्तीतील टीटीएल प्रोसेसर तर इंटेलच्या चिपपेक्षा स्पष्टपणे वेगवान होता. तत्कालीन निकषांवर कंपनीचा निर्णय समंजस होता. पण नाकारलेली ती चिप १९७२ मध्ये ८००८ ह्या नावाने बाजारात आली, आणि तिच्या आज्ञावलीचा वारसा ८०८० व ८०८६ ह्यांच्या द्वारे आजच्या असंख्य संगणकांपर्यंत पोहोचला आहे.

७. एन-मॉसचे दशक

ऑक्साइड पुरेसे स्वच्छ होताच पी-मॉसचे प्रयोजन संपले. एप्रिल १९७४ मध्ये आलेला ८०८० हा एन-मॉसचा होता व तो २० लाख स्पंदनांच्या गतीने चाले. ४००४ ची गती सुमारे ७,४०,००० स्पंदनांची होती. मात्र ८०८० ला +१२, +५ व −५ व्होल्ट असे तीन वेगळे दाब पुरवावे लागत. त्याच वर्षीच्या मोटोरोला ६८०० ला आणि १९७६ च्या झायलॉग झेड-८० ला एकटे ५ व्होल्ट पुरत. १९७५ मधील एमओएस टेक्नॉलॉजीचा ६५०२ तर केवळ २५ डॉलरला विकला गेला व घरगुती संगणकांचा मार्ग त्याने खुला केला.

मॉसच्या बाजूने आणखी एक नियम काम करीत होता. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये असे दाखवले, की मॉस ट्रँझिस्टरची लांबी, रुंदी, ऑक्साइडची जाडी व दाब ही सर्व एकाच प्रमाणात घटवली, तर तो त्याच प्रमाणात वेगवान होतो, त्याचा वीजखर्च त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो आणि दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता कायम राहते. द्विध्रुवी ट्रँझिस्टरला इतका सोयीचा नियम लागू नव्हता. मंद तंत्र दर पिढीला वेग मिळवीत होते, आणि वेगवान तंत्राची वाट उष्णता अडवीत होती.

परंतु एन-मॉसलाही उष्णतेचे भय होतेच. त्याच्या तर्कमंडलात वरच्या बाजूला रोधकाचे काम करणारा ट्रँझिस्टर सतत उघडा असतो. खालचा उघडताच दोहोंमधून प्रवाह वाहू लागतो व उत्तर बदलेपर्यंत वाहतच राहतो. काही हजार ट्रँझिस्टरपर्यंत हे सोसण्यासारखे होते. १९७८ च्या ८०८६ मध्ये २९,००० ट्रँझिस्टर झाले, १९७९ च्या मोटोरोला ६८००० मध्ये सुमारे ६८,०००. लाखाच्या पुढे काय होणार, हे उघड दिसत होते.

८. पूरक मॉसचा उदय

ह्या प्रश्नाचे उत्तर १९६३ पासून तयार होते. फ्रँक वॉनलास व सी. टी. सा यांनी त्या वर्षी पी-मॉस व एन-मॉस यांची जोडी बांधून दाखवली. दोघांची द्वारे एकत्र जोडलेली असतात. एक उघडला की दुसरा बंद होतो. त्यामुळे विजेच्या दोन टोकांमध्ये सलग मार्ग स्थिर अवस्थेत कधीच राहत नाही. प्रवाह वाहतो तो केवळ अवस्था बदलण्याच्या क्षणी. स्थिर असताना अशा मंडलाचा वीजखर्च मिलिवॉटांऐवजी नॅनोवॉटांत मोजावा लागे, म्हणजे सुमारे दहा लाख पटींचा फरक होता.

तरीही हे तंत्र बाजूला राहिले, कारण एकाच चकतीवर दोन्ही प्रकारचे ट्रँझिस्टर करावयाचे म्हणजे पायऱ्या अधिक, जागा अधिक आणि खर्च अधिक. शेजारी असलेल्या पी व एन क्षेत्रांतून नकळत एक द्विध्रुवी मंडल तयार होई व ते एकदा चालू झाले की चिप जाळूनच थांबे, हाही धोका होता. आरसीए कंपनीने १९६८ मध्ये ४००० क्रमांकाची मालिका काढली व १९७६ मध्ये १८०२ हा सीमॉस मायक्रोप्रोसेसर आणला. १९८९ मध्ये गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानात तो होता. परंतु व्यापारी संगणकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

१९७८ मध्ये जपानच्या हिताची कंपनीने दोन्ही प्रकारच्या ट्रँझिस्टरसाठी स्वतंत्र क्षेत्रे आखून एक स्मृतिचिप तयार केली. तिचा वेग तत्कालीन उत्तम एन-मॉस चिपइतका होता, आणि विजेचा खर्च मात्र कितीतरी कमी. त्यानंतर मंदपणाचा आक्षेप टिकला नाही. १९८५ मध्ये २,७५,००० ट्रँझिस्टरांचा ८०३८६ सीमॉसमध्येच झाला. द्विध्रुवी तंत्राचा शेवटचा गड मोठ्या संगणकांचा होता. आयबीएमचे हे संगणक १९८० पासून पाण्याने थंड केलेल्या जडजोखीम पेट्यांमध्ये चालत. १९९४ मध्ये त्या कंपनीने तेथेही सीमॉस आणले. पहिल्या आवृत्त्या जुन्यांपेक्षा मंद होत्या. १९९८ पर्यंत ती उणीव भरून निघाली.

९. उपसंहार

ऑक्साइडचे महत्त्व उलट बाजूने तपासून पाहता येते. गॅलियम आर्सेनाइड ह्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा सुमारे सहापट सहजतेने चालतात. सेमूर क्रे यांनी आपला क्रे-३ हा संगणक त्यावर आधारला. १९९३ मध्ये त्याचे एक यंत्र बसवले गेले, आणि १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. त्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. परंतु गॅलियम आर्सेनाइडवर सिलिकॉनसारखे निर्दोष ऑक्साइड वाढत नाही, त्यामुळे पूरक मॉसची साधी व थंड रचना त्यावर सहज करता येत नाही, ही गोष्ट त्या पदार्थाच्या मार्गात सुरुवातीपासून उभी होती. जर्मेनियमची गोष्ट चाळीस वर्षांनी पुन्हा घडली.

‘मॉस’ ह्या नावाचा प्रवासही उद्बोधक आहे. सिलिकॉनचे द्वार आल्यापासून त्यातील ‘धातू’ हा शब्द अर्थहीन झाला होता. तरी नाव टिकले. २००७ मध्ये स्थिती उलटली. ऑक्साइडचा थर पातळ होत होत सुमारे १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला होता, आणि त्यातून प्रवाह गळू लागला होता. इंटेलने तेव्हा सिलिकॉन डाय-ऑक्साइडऐवजी हॅफ्नियमवर आधारलेला अधिक जाड थर घेतला व द्वार पुन्हा धातूचे केले. पहिला शब्द परत खरा झाला, तो मधल्या शब्दाने दर्शवलेला मूळ पदार्थ बदलावा लागला त्या वेळी.

ह्या इतिहासावरून तंत्राच्या मूल्यमापनाविषयी एक बोध होतो. १९६५ मध्ये वेगाच्या निकषावर तंत्रांची क्रमवारी लावली असती तर ईसीएल पहिले आले असते आणि पूरक मॉस शेवटच्या तंत्रांत राहिले असते. ती क्रमवारी त्या वर्षापुरती अचूकच ठरली असती. तिच्यात दोन गोष्टींची नोंद मात्र झाली नसती : लहान होत गेल्यावर त्या तंत्राचे काय होईल, आणि एकाऐवजी दहा लाख घटक शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या उष्णतेचे काय होईल. चिपचे भवितव्य ह्या दोन प्रश्नांनी ठरवले. आणि त्या दोहोंची उत्तरे, हर्नी यांच्या आधी धुऊन टाकला जात असलेला तो काचेसारखा थर किती स्वच्छ व किती पातळ करता येतो, यावर अवलंबून होती.